सिकलसेलच्या पाहण्या आणि जातीचा रकाना

सिकलसेल या रक्तविकाराविषयी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत विदर्भात जे संशोधन झाले, त्याचे परीक्षण समाजशास्त्राच्या अंगानेही व्हावयास हवे. प्रस्तुत टिपणात भंडारा जिल्ह्यापुरता तो प्रयत्न करावयाचा आहे. या संशोधनाविषयी आमचा मुख्य आक्षेप असा की, विकार कोणत्या जातीत शेकडा किती आढळतो हे त्याने चिकाटीने मोजले. परंतु रोग्यास उपचार कोठे, केव्हा व किती मिळतो, हे त्या मानाने फारच थोडे मोजले.

भारतात हा विकार १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत लेहमन व कटबुश यांनी दाखवून दिला. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि विदर्भाचे नाव या विषयाशी कायमचे जोडले गेले. पुढील पाहण्यांतील तक्त्याचा साचा बहुधा एकच आहे : डावीकडे जात वा जमात, उजवीकडे वाहकांचे प्रमाण. विवाह जातीअंतर्गत होत असल्याने जनुकही त्याच वर्तुळात फिरत राहते. तेव्हा या मांडणीस काहीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. तथापि तिने एक गैरसमज रूढ केला. हे जनुक टिकून राहिले ते हिवतापामुळे. वाहक मुलास घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या यांच्या या मुलखात अनेक पिढ्या ज्यांनी ताप सोसला, त्यांच्या इतिहासाची ही खूण होय. जातीच्या रक्तातील उणेपणाची नव्हे. शिवाय हा रकाना वाटतो तितका स्थिरही नाही. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर एकाच समाजाची माणसे एका पाहणीत ‘महार’ तर दुसरीत ‘नवबौद्ध’ म्हणून नोंदली गेली. नाव बदलले म्हणून जनुक बदलत नाही, हे सांगावयास प्रयोगशाळा नको. परंतु दोन तक्त्यांची तुलना करणाऱ्याने ते विसरता कामा नये.

अमेरिकेतील उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९१० साली हेरिक यांनी या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन केले, आणि पुढे तो ‘काळ्यांचा रोग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ग्रीस, इटली, अरबस्तान व भारत येथील रुग्ण दिसून आल्यावरही ती समजूत सहजी गेली नाही. १९७२ साली तेथे स्वतंत्र कायदा झाला, तपासण्या वाढल्या. परंतु याच दशकात निव्वळ वाहक असणाऱ्या निरोगी माणसांना नोकरीत व विम्यात अडवणूक सोसावी लागली. उपचाराची व्यवस्था दुबळी आणि शिक्का मारण्याची व्यवस्था सबळ असली म्हणजे असे घडते.

आता भंडाऱ्याकडे वळू. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा देवरी, सालेकसा यांसारखे आदिवासीबहुल तालुके तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेनुसार उरलेल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. तीत अनुसूचित जमाती शेकडा ७ च्या आसपास, तर अनुसूचित जाती शेकडा १६ हून अधिक. विदर्भात हा विकार अनुसूचित जातींत, तसेच इतर काही शेतकरी व कारागीर जातींतही आढळतो. असे असता १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचे लक्ष्य प्रामुख्याने आदिवासी क्षेत्राच्या भाषेत मांडले गेले : ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी. आदिवासींवर झालेला दीर्घ अन्याय पाहता हा अग्रक्रम योग्यच आहे. परंतु ‘आदिवासींचा रोग’ ही संज्ञा एकदा रूढ झाली की पवनी वा लाखांदूर तालुक्यातील बौद्ध अथवा तेली कुटुंबातील आजारी मूल प्रथम नजरेतून व पुढे हिशेबातून सुटण्याचा धोका असतो. विषमता दूर करण्यासाठी आखलेली वर्गवारीच अशा वेळी नवी विषमता उत्पन्न करते.

दुसरी उणीव वयासंबंधी आहे. जंतुसंसर्ग आणि पाणथरीत एकाएकी रक्त साठणे यांमुळे या मुलांना सर्वाधिक धोका पहिल्या पाच वर्षांत असतो. रोजच्या पेनिसिलिनने न्युमोकोकसचा संसर्ग पुष्कळ टळतो, हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली. दोन्ही औषधे महाग नाहीत. अडचण मूल वेळीच ओळखण्याची आहे. गावपातळीवर सोयीची असलेली विद्राव्यता-चाचणी नवजात अर्भकात भरवशाची नाही, आणि वाहक कोण व रुग्ण कोण हेही ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा तत्सम परीक्षा लागते. म्हणजे जे मूल निदानापूर्वीच दगावले, ते कोणत्याच तक्त्यात येत नाही. शाळा-महाविद्यालयांतील पाहण्यांवरून काढलेले रुग्णांचे प्रमाण हे बऱ्याच अंशी जगलेल्यांचे प्रमाण होय. भारतीय रुग्णांतील सिकलसेल सौम्य असतो, हे जुने मत नागपूरच्या बालरुग्णांवरील अभ्यासांनंतर मध्य भारतापुरते तरी टिकत नाही.

मोहिमेत वाटावयाच्या जनुकस्थिती-पत्रिकेविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. विवाहापूर्वी पत्रिका जुळवून पाहाव्यात, हा सल्ला शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या समाजात स्थळ मोडल्याचा दोष मुलीच्या माथी येतो, तेथे त्या पत्रिकेचा भार दोघांवर सारखा पडणार नाही, आणि जातीबाहेर विवाहाची वाट बंद असेल तर सल्ल्याचा उपयोगही मर्यादितच राहतो. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश अपंगत्वांच्या सूचीत केला. नोकरीतील राखीव जागांच्या कलमात मात्र रक्तविकारांना स्थान दिले नाही.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी म्हणून प्रश्नावलीत जातीचा रकाना ठेवावा, पण त्याच्या शेजारी आणखी काही रकाने घालावेत : निदानसमयी मुलाचे वय, खात्रीची परीक्षा जेथे झाली त्या ठिकाणाचे अंतर, गेल्या वर्षात औषध किती महिने अखंड मिळाले, रक्त द्यावे लागले तेव्हा ते कोठून आणले आणि त्यापायी किती दिवसांची मजुरी बुडाली. लाखांदूरपासून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. आजारी मुलास घेऊन तेथवर जाणे कोणास परवडते आणि कोणास नाही, हे जातवार मांडून पाहिले, तर त्या जुन्या रकान्याचा खरा उपयोग होईल.