रेषेवरचा पाय

गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावरचे इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचे दोन अंतिम सामने लागोपाठ पाहावेत. पहिला २० डिसेंबर २०१५चा, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. दुसरा २० मार्च २०२२चा, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. दोन्हींत गोलपोस्टमध्ये उभा आहे तो वास्कोचा लक्ष्मीकांत कट्टीमनी.

वास्को, डेम्पो आणि मग एफसी गोवा, असा घरच्या क्लबांतून तो वर आला. २०१५च्या त्या रात्री त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. पहिलीचा उसळून आलेला चेंडू चेन्नईयिनच्या पेलिसारीनं जाळ्यात मारला. मेंडोझाची मात्र वाया गेली. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला २-१ असं पुढे नेलं. चषक हाताशी आला होता. आणि ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्याच हातून जाळ्यात गेला! पाठोपाठ मेंडोझानं विजयी गोल केला. अडवलेल्या पेनल्टी कुणाच्या लक्षात राहणार?

आमच्या रावेर-यावलकडे वादळानं केळी आडवी झाली, तरी बाग तिथंच संपत नाही. बुडाशी एखादं जोमदार पील, म्हणजे कोंब, राखायचं आणि त्यातून पीलबाग उभी करायची. कट्टीमनीची पुढची वर्षं मला तशीच वाटतात. गोव्यात त्याची जागा तरुण मोहम्मद नवाझकडे गेली. २०१९मध्ये तो हैदराबादला आला, तर पहिल्याच मोसमात संघ तळाला, दहावा. त्याच संघासोबत तो पुन्हा फातोर्ड्याला पोचला, बत्तिसाव्या वर्षी.

सामना १-१. पेनल्टी शूटआउट. चेंडू ११ मीटरवर, मागे ७.३२ मीटर रुंदीचा गोल. फटका बसेपर्यंत गोलरक्षकाच्या एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर हवा, असा तेव्हाचा नियम. केरलाच्या लेस्कोविचचा फटका त्यानं अडवला. मग निशू कुमारचाही. पण पाय रेषेवरून आधी सुटला, म्हणून रेफ्रींनी पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा पाहतो. केलेला बचाव पुसला गेला. याच मैदानावर, २०१५सारखाच. इथं खांदे पडले असते तर नवल नव्हतं. कट्टीमनी रेषेवर परतला आणि निशूचा दुसरा फटकाही त्यानं अडवला. पुढे जीक्सनचाही. हैदराबाद ३-१ नं जिंकलं.

त्या रात्रीचं सौंदर्य मला हवेतल्या झेपेपेक्षा त्या परतण्यात दिसतं. खेळाडूची चढण आपण क्लबांच्या नावांनी मोजतो. गोलरक्षकाची चढण मात्र जमिनीवर मोजावी लागते: चूक झाल्यावर, केलेलं पुसलं गेल्यावर, रेषेपर्यंत मागे टाकलेल्या त्या दोन-चार पावलांनी.