‘लॉसलेस’ म्हणजे कशाच्या तुलनेत?

मैफली रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींच्या तोंडी हल्ली ‘लॉसलेस’ हा शब्द सर्रास असतो. काहीही न गमावलेलं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा, की न गमावलेलं ते कशाच्या तुलनेत?

मायक्रोफोनमधून आलेला आवाज एकदा आकड्यांत उतरला, की त्या आकड्यांच्या तुलनेत. फ्लॅक फाइल उघडली की ते आकडे जसेच्या तसे परत मिळतात. मैफलीच्या तुलनेत नव्हे! लेव्हल इतकी चढवली की तार षड्जावर आवाज फाटला, तर फ्लॅक तो फाटका आवाजही इमानेइतबारे जपते. दावा एवढाच आहे. जाहिरातीत तो फुगवून सांगतात, ही माझी तक्रार.

पण एवढासा दावाही मोलाचा आहे. एमपीथ्री काय करते बघा. मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या जवळपासचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, या ज्ञानावर ती उभी आहे. जे ऐकू येणार नाही असं गणित सांगतं, ते ती ढोबळ करते किंवा टाकूनच देते. आता तंबोरा घ्या. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा गंधार कुणी छेडलेला नसतो. जवारी नीट लागली की तो आपोआप उमटतो. गळा पुढे, तंबोरा मागे. म्हणजे त्याचा सगळा संसार सावलीतलाच.

मग एमपीथ्री वाईट का? तसंही नाही. ३२० केबीपीएसची चांगली एमपीथ्री आणि फ्लॅक, डोळे मिटून ओळखा म्हटलं तर भल्याभल्यांची पंचाईत होते. तेव्हा ‘मला फरक कळतो’ या फुशारकीवर हा वाद लढवू नये. उद्या एखादी विद्यार्थिनी तीच तान निम्म्या वेगाने ऐकेल, कुणी पंख्याची घरघर काढायला बसेल. तेव्हा सावल्या हलतात आणि टाकलेल्याच्या जागा उघड्या पडतात. न्यायदर्शन सांगतं, की अभावाचं ज्ञान व्हायला त्याचा प्रतियोगी, म्हणजे जे नाही ते, आधी माहीत असावं लागतं. जिच्या हाती फक्त एमपीथ्री आली, तिला काय गेलं हे कसं कळावं? आपल्या सोयीची काटछाट आपण तिच्यावर लादतो. आणि एमपीथ्रीची नंतर फ्लॅक करून काही परत येत नाही, नुसती फाइल फुगते. असं करून ‘आता लॉसलेस झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे २ जीबी होते. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे दोन तासांनी यंत्र दुसरी फाइल सुरू करणार. तो सांधा तपासून घ्या, नाहीतर नेमकी सम त्यात अडकायची. माझ्या मते ४८ किलोहर्ट्झ पुरेत, जागाही निम्मी लागते. मुद्रण वेव्हमध्ये करा, साठवण फ्लॅकमध्ये. ही पद्धत २००१ पासून सर्वांना खुली आहे, आणि जागा बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास वाचते. शिवाय मूळ ध्वनीचा एक गणिती ठसा फाइलीतच असतो. फाइल किडली का, हे त्यावरून वर्षांनंतरही तपासता येतं. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि फाइलीत राग, तारीख, साथीदार लिहून ठेवा. तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, तेसुद्धा.