गॅमॉव्ह यांचा पसरणारा चेंडू : काय सांगतो आणि काय लपवतो

उच्च माध्यमिक वर्गात द ब्रॉयली तरंगलांबी शिकवताना एक ठरलेले उदाहरण सोडवून घेतले जाते. १५० ग्रॅम वस्तुमानाचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने जात आहे. त्याची तरंगलांबी किती? उत्तर मीटरमध्ये लिहायचे तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग ११. विद्यार्थी हसतात, शिक्षक म्हणतात, "म्हणूनच चेंडूचे तरंगरूप आपल्याला जाणवत नाही," आणि तास पुढे सरकतो. पुंजयामिकी अणूंसाठी, न्यूटनची यामिकी चेंडूसाठी, आणि मध्ये कुठेतरी एक सीमारेषा अशी वाटणी त्या वाक्यातून मुलांच्या मनात कायमची बसते.

या वाटणीला सर्वांत देखणे रूप कोणी दिले असेल तर ते जॉर्ज गॅमॉव्ह यांनी. त्यांचे 'मिस्टर टॉम्पकिन्स इन वंडरलँड' हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान सोपे करून सांगू पाहणाऱ्या शिक्षकाने ते वाचलेले नसेल तर जरूर वाचावे. बँकेत कारकुनी करणारे टॉम्पकिन्स प्राध्यापकांच्या व्याख्यानाला जातात, तेथे त्यांना झोप लागते आणि स्वप्नात ते अशा जगात पोचतात जिथे निसर्गाचे स्थिरांक वेगळे आहेत. त्यांच्या नावाची आद्याक्षरेच सी, जी आणि एच, म्हणजे प्रकाशाचा वेग, गुरुत्वस्थिरांक आणि प्लांकचा स्थिरांक. गॅमॉव्ह यांना १९५६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. ओरिसाच्या बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेला हा पुरस्कार इतक्या योग्य माणसाला क्वचितच मिळाला असेल.

तरीही या पुस्तकातील पुंज-बिलियर्डच्या प्रकरणाबद्दल एक तक्रार नोंदवणे आवश्यक वाटते. टॉम्पकिन्स एका खोलीत बिलियर्डचा खेळ पाहतात. चेंडूला ठोसा बसतो आणि तो एका दिशेला न जाता पसरू लागतो. टेबलावर जणू एकच चेंडू अनेक जागी आहे. प्राध्यापक तो लाकडी त्रिकोणात कोंडतात. जागा ठरली म्हणून वेग अनिश्चित होतो आणि चेंडू आत पिसाटासारखा फिरू लागतो. थोड्या वेळाने त्रिकोणावरून उडी न मारताच तो बाहेर आलेला दिसतो! पुढच्या एका प्रकरणात वाघही असाच सर्व बाजूंनी दिसतो आणि नेम धरायचा कुठे हेच कळत नाही. या सगळ्याचा खुलासा एकच: त्या जगात प्लांकचा स्थिरांक मोठा आहे. आपल्याकडे तो लहान आहे, म्हणून आपल्याकडे असे होत नाही.

या खुलाशात खरे काय ते आधी पाहू. २०० ग्रॅमच्या चेंडूचे स्थान एका अणूच्या रुंदीइतक्या अचूकतेने ठाऊक आहे असे समजा. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्याच्या वेगात काही अनिश्चितता येईल आणि त्यामुळे चेंडूच्या स्थानाची संदिग्धता वाढत जाईल. ती दुप्पट व्हायला किती काळ लागेल? सुमारे बारा लाख वर्षे. एकट्या, मोकळ्या चेंडूपुरता गॅमॉव्ह यांचा दाखला अगदी बरोबर आहे. त्रिकोणातून पाझरणारा चेंडू तर त्यांच्या घरचाच. अणुकेंद्रकातून अल्फा कण ऊर्जेचा अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही बाहेर कसा पडतो, हे कोडे त्यांनी १९२८ मध्ये सोडवले होते. गर्नी आणि काँडन यांनीही ते त्याच वर्षी स्वतंत्रपणे सोडवले.

आता तक्रार. पहिली गोष्ट, प्लांकचा स्थिरांक हे जगाला बाहेरून जोडलेले बटन नाही. अणूचा आकार या स्थिरांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तो हजार कोटी पट वाढवला तर हायड्रोजनचा अणू पृथ्वी-चंद्र अंतराच्या पंचवीस पटींहून मोठा होईल. मग टेबल कुठले आणि चेंडू कुठला? ही स्वप्नकथा आहे, तेव्हा एवढी सवलत द्यायला हवी, हे मान्य. पण उलट बाजूने पाहिले की मुद्दा गंभीर होतो. स्थिरांक शून्याकडे नेला की न्यूटनचे जग मिळते, असे आपण शिकवतो. प्रत्यक्षात तो शून्य झाला तर अणू आकसून जातील, टेबलाचा टणकपणा नाहीसा होईल आणि बिलियर्ड खेळायला काहीच उरणार नाही. आपले नेहमीचे घन, टणक जग पुंजयामिकीमुळेच उभे आहे. 'लहानांसाठी पुंज, मोठ्यांसाठी न्यूटन' ही वाटणी इथेच डळमळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्थिरांक लहान असल्यामुळे चेंडू स्वतःहून पसरत नाही, हे ठीक. पण त्याला दुसऱ्या कोणी पसरवले तर? समजा, एका किरणोत्सर्गी अणूचे विघटन झाले तर यंत्र चेंडू डावीकडे ढकलेल, नाही तर उजवीकडे, अशी योजना केली. विघटन झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही अवस्थांचे अध्यारोपण त्या अणूला चालते. पुंजयामिकीचे समीकरण हे अध्यारोपण जसेच्या तसे चेंडूपर्यंत पोचवते. आता डावी आणि उजवी अवस्था हातभर अंतरावर आहेत, आणि प्लांकचा स्थिरांक कितीही लहान असला तरी त्याने काही अडत नाही. श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये मांजराचे उदाहरण दिले ते नेमके याच अडचणीसाठी. टॉम्पकिन्सचे पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आले, पण ही अडचण त्यात शिरली नाही. तरंगलांबीच्या गणितातून जो निष्कर्ष आपण काढतो तो यापुढे टिकत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. टॉम्पकिन्सना पसरलेला चेंडू डोळ्यांनी दिसतो! पुंजयामिकी असे कधीच सांगत नाही. पडद्यावर आदळणारा इलेक्ट्रॉन दर वेळी एका ठिकाणीच ठिपका उमटवतो. नक्षी दिसते ती हजारो ठिपके जमल्यावर. एकच वस्तू एका नजरेत धुरकट, अनेक जागी पसरलेली दिसणे ही पुंजयामिकीची भविष्यवाणी नव्हे. चित्र मनोरंजक आहे, लक्षात राहते, आणि म्हणूनच त्याने जास्त नुकसान केले आहे. पुंजावस्था म्हणजे कणाचा पातळ लगदा, अशी समजूत करून घेतलेले विद्यार्थी पदवीपर्यंत भेटतात.

गंमत अशी की योग्य धागा गॅमॉव्ह यांच्या स्वतःच्याच संशोधनातून निघाला होता. त्यांच्या सिद्धांतानुसार केंद्रकातून निघणारा अल्फा कण सर्व दिशांना सारख्या पसरणाऱ्या गोलाकार तरंगाच्या रूपात बाहेर येतो. मग विल्सनच्या क्लाउड चेंबरमध्ये त्याचे माग सरळ रेषेत का उमटतात? १९२९ मध्ये नेव्हिल मॉट यांनी याचे उत्तर दिले. त्यांनी समीकरण एकट्या अल्फा कणाचे न लिहिता अल्फा कण आणि चेंबरमधील अणू यांचे मिळून लिहिले. हिशेबात असे आढळले की दोन अणूंचे एकाच वेळी आयनीभवन होण्याची शक्यता, ते दोन्ही अणू केंद्रकापासून निघणाऱ्या एकाच सरळ रेषेवर असतील तरच लक्षणीय असते. कुठेही न्यूटन मध्ये न आणता सरळ रेषा मिळाली. कणाच्या भोवती काय आहे, हे हिशेबात घेतल्याने ती मिळाली.

भोवतालाचा हा विचार पुढे अनेक वर्षे मागे पडला. जर्मनीत एच. डीटर झेह यांनी १९७० मध्ये तो नव्याने मांडला, १९८१ पासून वॉयचेक झुरेक यांनी त्याला गणिती धार दिली, आणि आज तो डिकोहिअरन्स या नावाने ओळखला जातो. कल्पना समजायला अवघड नाही. चेंडू डावीकडे असेल तर त्यावर आपटलेला हवेचा रेणू एका तऱ्हेने उसळेल, उजवीकडे असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. म्हणजे चेंडू कुठे आहे याची साक्ष रेणू घेऊन जातो. अशा साक्षी सगळीकडे विखुरल्या की डाव्या आणि उजव्या अवस्थांमधले व्यतिकरण एकट्या चेंडूवर पाहणे अशक्य होते. इथे चेंडूला धक्का बसून तो हलतो की नाही याला महत्त्व नाही. अनिश्चितता शिकवताना आपण प्रकाशाच्या धक्क्यावर भर देतो, त्यामुळे हा फरक मुद्दाम सांगावा लागतो. धक्का नगण्य असला तरी साक्ष पुरते.

हे किती वेगाने घडते? एक शतांश मिलिमीटर त्रिज्येचा धुळीचा कण घ्या. साध्या हवेत त्यावर दर सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या, किंबहुना त्याहूनही थोड्या जास्त टकरा होतात. वायूंच्या गतिवादाने हा आकडा वर्गातही काढता येईल. हवेचा दाब हजार कोटी पटीने कमी केला तरी सेकंदाला दहा कोटींहून जास्त टकरा उरतातच. हवा पूर्ण काढली तरी प्रकाश आहे, उष्णतेचे प्रारण आहे. योस आणि झेह यांनी १९८५ मध्ये केलेल्या हिशेबानुसार अंतराळातील मंद पार्श्वप्रारणसुद्धा अशा कणाच्या स्वतःच्या आकाराइतक्या दूर असलेल्या दोन अवस्थांमधली सुसंगती साधारण सेकंदाभरात घालवते. आता बिलियर्डच्या खोलीचा विचार करा. तिथे हवा आहे आणि खेळ दिसण्यापुरता उजेडही आहे. ज्या उजेडात टॉम्पकिन्सना चेंडू पसरलेला दिसला, तोच उजेड त्याला पसरलेला राहू देत नाही.

ही नुसती कागदावरची बाब नाही. १९९९ मध्ये व्हिएन्नात अँटन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने कार्बनच्या साठ अणूंच्या रेणूंचे व्यतिकरण दाखवले. त्या रेणूची तरंगलांबी होती सुमारे अडीच पिकोमीटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या चारशेव्या भागाइतकी. तरंगलांबी वस्तूपेक्षा कितीतरी लहान असणे हा अडथळा नाही, हे इथे स्पष्ट झाले. पुढे याच गटाने सत्तर कार्बन अणूंचे रेणू घेतले. २००३ मध्ये त्यांनी उपकरणात थोडा थोडा वायू सोडला. दाब वाढत गेला तसतसे पट्टे फिके होत गेले. २००४ मध्ये रेणूच लेसरने तापवले. तीन हजार केल्विनच्या आसपास ते स्वतःच इतका प्रकाश बाहेर टाकू लागले की पट्टे नाहीसे झाले. रेणू तोच, वस्तुमान तेच, प्लांकचा स्थिरांक तोच. बदलला तो फक्त भोवतालाशी असलेला संबंध. २०१९ पर्यंत हे प्रयोग २५ हजार अणुवस्तुमान एककांहून जड रेणूंपर्यंत पोचले, आणि सीमारेषा अजून कुठे आडवी आलेली नाही.

२०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही याच वाटेवरचे आहे. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत अतिवाहकांच्या विद्युतमंडलावर प्रयोग केले. अब्जावधी इलेक्ट्रॉन-जोड्या मिळून एखाद्या एकाच कणाप्रमाणे ऊर्जेचा अडसर पार करतात, असे त्यांना आढळले. त्रिकोणातून पाझरणारा चेंडूच हा! त्यासाठी प्लांकचा स्थिरांक वाढवावा लागला नाही. मंडल अतिशय थंड ठेवून बाहेरच्या गोंगाटापासून कसोशीने जपावे लागले.

मात्र डिकोहिअरन्सने सर्व काही सुटले, असेही वर्गात सांगू नये. अलीकडच्या काही लोकप्रिय पुस्तकांत तसा सूर असतो आणि तो गॅमॉव्ह यांच्या सुरापेक्षा बरा म्हणता येणार नाही. डावी आणि उजवी अवस्था एकमेकींशी व्यतिकरण का करत नाहीत, एवढेच ही कल्पना सांगते. शेवटी चेंडू डावीकडेच का सापडला, याचे उत्तर ती देत नाही. जॉन बेल यांनी १९९० मध्ये 'मापन' या शब्दाविरुद्ध लिहिलेल्या लेखात व्यवहारापुरते चालणारे उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक पुसू नका, अशी तंबी दिली होती. त्या प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

गॅमॉव्ह यांचे प्रकरण वर्गात वाचून दाखवावेच. विद्यार्थी खूश होतील. वाचून झाल्यावर पुस्तक मिटण्याआधी एक प्रश्न विचारावा: त्या खोलीत दिवा होता का? असेल, तर चेंडूवरून निघालेला प्रकाश टॉम्पकिन्सच्या डोळ्यांपर्यंत काय घेऊन आला? मग फळ्यावर दोन अक्ष काढून आडव्या अक्षावर वायूचा दाब आणि उभ्या अक्षावर पट्ट्यांची स्पष्टता घ्यावी, आणि आलेख कसा जाईल तो विद्यार्थ्यांनाच काढायला सांगावा.