बंद काचेतील बाग

उष्ण प्रदेशातील वनस्पती थंड देशात वाढविण्याचा छंद आता पुष्कळांना जडला आहे. तथापि त्याला विचाराची बैठक देणारा एक छोटेखानी ग्रंथ १८४२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे स्मरण थोड्यांनाच असेल. नथॅनिएल वॉर्ड ह्या डॉक्टराचा ‘ऑन द ग्रोथ ऑफ प्लँट्स इन क्लोजली ग्लेझ्ड केसेस’ हा तो ग्रंथ. त्याचे मोल आम्ही येथे तपासून पाहत आहो.

वॉर्ड लंडनच्या गोदीनजीक राही. कोळशाच्या धुराने त्याच्या अंगणातील नेचे जगेनात. १८२९ साली त्याने पतंगाचा एक कोष ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला असता मातीतून नेचे व गवत उगवले. उन्हाने मातीतील ओल वर जाई, काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. ही रोपे पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरले, तेव्हा ती मेली.

एवढ्याशा घटनेवर सिद्धांत उभारणे कोणासही सोपे. पण वॉर्डने आपल्या पक्षाचा पुरावा पुरेपूर गोळा केला, हा ग्रंथाचा पहिला गुण. १८३३ साली त्याने रोपांच्या दोन पेट्या सिडनीला धाडल्या आणि तेथील रोपे परत मागविली. परतीच्या प्रवासात केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ साचले, तर विषुववृत्तावर पारा १२० अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. आठ महिन्यांत एकदाही पाणी न मिळता रोपे टवटवीत उतरली. न्यायासनापुढे ह्याहून चांगला साक्षीदार कोणता आणावा?

दुसरा गुण त्याच्या दृष्टीचा. रोपाला त्याच्या जन्मस्थानी कोणता उजेड, कोणती ऊब आणि कोणती ओल मिळते हे आधी पाहावे, आणि मग तेवढेच त्याला द्यावे, असे तो सांगतो. ह्याच्या उलट टोकाला चॅट्सवर्थ येथील ड्यूक ऑफ डेव्हनशरचे काचगृह होते. जोसेफ पॅक्स्टनने १८३६ साली त्याचे काम सुरू केले. २७७ फूट लांबीच्या त्या वास्तूखाली आठ बॉयलर धगधगत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला, झाडे थंडीने मेली आणि १९२० साली ती वास्तूच पाडण्यात आली. वैभवाच्या बळावर उभारलेला उन्हाळा वैभवाबरोबरच संपतो. आमच्या मते बाटलीचा महिमा ह्या तुलनेत कळतो.

ग्रंथातील एक प्रकरण गरिबांच्या घरी हिरवळ नेण्याविषयी आहे. हेतू उदात्त, परंतु ग्रंथ निघाला तेव्हा इंग्लंडात काचेवर अबकारी कर होता. तो १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरील कर तर १८५१ साली. कायदा उजेडावरच दाम आकारीत असता नुसत्या सदिच्छेने गरिबाची खिडकी हिरवी होत नाही. ह्या पेटीचा मोठा लाभ व्यापारानेच उठविला. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणली ती ह्याच पेट्यांतून. साधन निर्दोष असले तरी त्याचा वापर कोण करणार, हे साधनाच्या हाती नसते.

मग आज परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांना ह्या ग्रंथाचा उपयोग काय? गोव्यातील अंगणात जिचे वृंदावन असते, ती तुळस बर्फाच्या मुलुखात खिडकीशी आली आहे आणि हिवाळ्यात तिची पाने गळतात. ती वॉर्डच्या पेटीत ठेवावी काय? मुळीच नाही. दमट छाया नेच्याला मानवते. तुळशीला ऊन व मोकळी हवा हवी. कोंदट ओलीत ती कुजते. म्हणून पेटीचे अनुकरण न करता तत्त्व तेवढे घ्यावे. दक्षिणेकडील खिडकी, लागल्यास विजेच्या दिव्याचा प्रकाश, रात्री थंड काचेपासून दूर जागा आणि पाणी बेताचे. एवढे करूनही रोप गेले तर आपली भक्ती उणी पडली असे कोणी मानू नये. मंजिऱ्या वेळीच जपून ठेवाव्या आणि वसंतात पुन्हा पेराव्या.

झाड आपल्यासाठी आपला स्वभाव बदलीत नाही. त्याच्या स्वभावास अनुसरून आपणच घराची मांडणी बदलावयाची असते. वॉर्डचा ग्रंथ हे शिकवितो म्हणून शास्त्र पुढे गेल्यावरही तो वाचनीय राहिला आहे. छंद म्हणजे हौसेची मालकी नव्हे, पत्करलेली जबाबदारी आहे, हे ज्याला पटेल त्याने तो अवश्य वाचावा.