‘कलम’ आणि सहजतेचे सौंदर्यशास्त्र

आचऱ्याच्या किनाऱ्याकडे जाताना घरगुती जेवणाच्या, राहण्याच्या सोयीच्या पाट्या लागतात. काहींवरची अक्षरे उभ्या उभ्या पेनने खरडल्यासारखी, तिरकी आणि सैल असतात. यजमानीणबाईंनी स्वतः लिहिले असावे असा भास व्हावा, हा हेतू. प्रत्यक्षात ती संगणकातली अक्षरे. या जातीचा एक प्रसिद्ध टाइप म्हणजे ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीने तो देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांसाठी, तीन वजनांत केला. तो फुकट मिळतो. हॉटेलवाल्याला मिळतो तसा कार्यकर्त्यालाही.

टाइप म्हणून तो वाईट नाही. बॉलपेनची लय त्यात आहे, पडद्यावर वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही. पाटीवरही तो शोभतो. (‘घरगुती’ हा शब्द मात्र आपल्या समाजात कधीच निरागस नव्हता. कोणाच्या घरचे चालते आणि कोणाच्या घरचे नाही, यावरच तर गावाची रचना उभी राहिली.)

माझा आक्षेप सहजतेच्या गृहीतकाला आहे. सैल अक्षर काढण्याची मुभा कोणाला असते? ज्याच्या घरात तीन पिढ्या पत्रे लिहिली गेली, त्याला. ज्याच्या घरात अंगठ्यानंतर पहिली सही आली, तो शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी ओढतो. अक्षर वाकडे गेले तर कारकून अर्ज परत करील, ही धास्ती त्या रेघेत असते. मांग समाजातल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आला. तो आपल्याला छापील टाइपातच भेटतो. तिच्या हाताचे वळण भेटत नाही. बाजारात ‘हस्ताक्षर’ म्हणून खपणाऱ्या टाइपांत अशा हातांची जपणूक मला कोठे दिसत नाही.

आणखी एक बाब, वरवर किरकोळ. पुष्कळ देवनागरी टाइपांत मूळचा ‘ल’ हिंदी वळणाचा असतो. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ शासनाने २००९ साली प्रमाण ठरवला, तरी तो वेगळा निवडावा लागतो आणि निवडण्याचे कष्ट फार थोडे घेतात. मग हस्ताक्षर म्हणून जे समोर येते, ते मराठी शाळेच्या फळ्यावर कोणी गिरवलेलेच नसते.

बालवाचनाच्या पुस्तकाला, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाला हा टाइप खुशाल वापरावा. अत्याचाराच्या निषेधपत्रकाला मात्र मी तो लावू देणार नाही. त्या पत्रकात तारीख असते, १९८९च्या कायद्याची कलमे असतात, मागणी असते. ते पोलीस ठाण्यात वाचले जाणार. तेथे मित्राने चिठ्ठी धाडल्यासारखे अक्षर आले की आरोपाचे वजन उतरते. जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांचे नाव ठसठशीत, सरळ अक्षरात येते, त्यामागे हीच समज आहे. अभिजनांना ते भडक वाटते, वाटू द्या.

वसतिगृहातल्या मुलांनी भित्तिपत्रकासाठी मला हाच टाइप सुचवला. मी म्हटले, तुम्ही आठ जण आहात, आठांचे कागद चिकटवा. टाइपात प्रत्येक ‘र’ हुबेहूब सारखा येतो. तुमच्यात एकाचाही दुसऱ्यासारखा येणार नाही.