गुंजालाच्या पोथ्या आणि चांद्याचा उठाव

गोंडी ही निव्वळ मौखिक भाषा आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सवयीने लिहिले जाते की ते कुणी तपासत नाही. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात 2006च्या सुमारास प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या पथकाला गोंडीतली, स्वतंत्र लिपीतली डझनभर हस्तलिखिते मिळाली. ते वाक्य तेव्हाच मोडीत निघायला हवे होते.

पण या पोथ्यांचे कौतुक करणारेही त्या वाचत नाहीत, ही खरी अडचण. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी नेहमी जोडीने सांगितल्या जातात. एक, त्या 1750च्या आसपासच्या आहेत. दोन, चांद्याच्या गोंड राजांनी रोहिल्यांच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावाची हकिकत त्यांत आहे. एकाच पोथीबद्दल ही दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. इंग्रजी फौजेने चांद्याचा किल्ला घेतला तो 1818 मध्ये. मग 1750ची पोथी इंग्रजांविरुद्धचा उठाव कसा सांगेल?

म्हणजे एक तर सगळ्या पोथ्या एका काळच्या नाहीत, किंवा नक्कल करताना पुढच्या हातांनी भर घातली आहे. गोंड आणि रोहिले एकत्र लढल्याचा ठळक प्रसंग 1858चा. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फाशी झाली. हकिकत त्यांचीच असेल, तर पोथीचे वय शंभर वर्षांनी घटते, पण मोल वाढते. हा उठाव आपण मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून वाचत आलो आहोत. इथे तो गोंडीत लिहिलेला मिळेल. मात्र ‘राजा’ हा शब्द पोथीतला, की सारांश सांगणाऱ्याचा, हेही मूळ ओळ पाहूनच ठरेल.

जून 2018 मध्ये युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत गुंजाला गोंडीच्या 63 चिन्हांना जागा मिळाली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही मोठी गोष्ट वाटते. पण युनिकोड अक्षराला क्रमांक देते. वाक्याचा अर्थ किंवा कागदाचे वय सांगत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचेच काम लागते: प्रत्येक पानाचे छायाचित्र, समोर जसेच्या तसे लिप्यंतर, त्याखाली मराठी अनुवाद, आणि कागद, शाई, हस्ताक्षर यांच्या नोंदी. महानुभावांची सकळ लिपी उलगडली, पाठ ताडून पाहिले गेले, म्हणून ‘लीळाचरित्र’ आपल्या वाङ्मयेतिहासात आले. ती मेहनत मराठीने आपल्या पोथ्यांसाठी घेतली. चांद्याची गोष्ट सांगणाऱ्या शेजारच्या भाषेतल्या पोथ्या आपल्या नाहीत, असे कोण म्हणेल?

तशी चिकित्सक आवृत्ती हाती येईपर्यंत एवढे तरी पथ्य पाळावे: प्राचीनतेचा अभिमान मिरवण्यासाठी 1750 हा आकडा सगळ्या पोथ्यांवर सरसकट चिकटवू नये. त्या आकड्याखाली 1858 झाकले जात असण्याची शक्यता आहे.