न पाहिलेली चित्रफीत

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला निकालपत्रे आणि चौकशीचे अहवाल वाचण्याचा नाद असावा, असे माझे जुने मत आहे. कोणाला काय ठाऊक होते आणि ते केव्हा ठाऊक झाले, ह्याचा जो हिशेब आम्हांला पानोपानी जुळवावा लागतो, तो त्या रुक्ष कागदांत आयता मांडलेला असतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे इंग्रजी मी शब्दकोश उशाशी घेऊनच वाचू शकतो. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत असे दोन अमेरिकन कागद मी नेटाने वाचून काढले. एक १७ पानांचा, दुसरा ९६ पानांचा. दोन्हींचा विषय एकच : खेळाडूच्या गैरवर्तनाचा निवाडा करणारा अधिकारी स्वतः किती खरे बोलला?

दिवाळीच्या फराळाबरोबर हे कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण ही कथा खेळाची कमी आणि घरातल्या मारहाणीची अधिक आहे. आणि तिचा शेवट माझ्या शाळेच्या शिक्षक-खोलीत होतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातांत कवटाळून, डोक्याला शिरस्त्राण घालून तो खेळतात. तेथील व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांचे मालक मिळून एक कमिशनर नेमतात. हा कमिशनर लीगचा कारभारी असतो, आणि खेळाडूने काही वावगे केले की त्याचा न्यायाधीशही तोच होतो.

ह्या पदाचा जन्म बेसबॉलच्या खेळात झाला. १९१९ सालच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत खेळाडूंनी पैसे खाल्ल्याचा बभ्रा झाला, तेव्हा धास्तावलेल्या मालकांनी १९२० मध्ये केनेसॉ माउंटन लँडिस नावाच्या न्यायाधीशाला आणून खुर्चीवर बसवले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडले, आणि दुसऱ्याच दिवशी लँडिसने आठ जणांना जन्माचे बाद केले. ते योग्य झाले की अयोग्य, हा वाद निराळा. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की लोकांचा उडालेला विश्वास परत यावा म्हणून हे पद निर्माण झाले, आणि त्याचा पगार मात्र पहिल्या दिवसापासून मालकांनी दिला. ही अडचण त्या खुर्चीच्या लाकडातच आहे.

आता आपल्या प्रकरणाकडे वळू. रे राइस हा बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा नामांकित खेळाडू. १५ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे अटलांटिक सिटी येथील एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारला आणि ती बेशुद्ध पडली. चार दिवसांनी एक चित्रफीत बाहेर आली. तीत लिफ्टच्या दारातून तो तिला निश्चेष्ट ओढून काढताना दिसत होता. आत काय घडले ते तीत नव्हते. पण पोलिसांच्या फिर्यादीत स्वच्छ लिहिले होते की त्याने हाताने प्रहार करून तिला बेशुद्ध केले. मार्चमध्ये त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. त्याच सुमारास दोघांचे लग्न झाले. पुढे न्यायालयाने त्याला शिक्षेऐवजी सुधारणेची संधी दिली. १६ जून रोजी लीगचे कमिशनर रॉजर गुडेल ह्यांनी त्याला समोर बसवून हकीकत विचारली, आणि २४ जुलैला शिक्षा जाहीर केली : दोन सामन्यांची बंदी.

लोक खवळले. ऑगस्टअखेर गुडेल ह्यांनी मालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकल्याचे मान्य केले, आणि अशा गुन्ह्याला पहिल्या खेपेस सहा सामन्यांची बंदी असा नवा नियम केला. येथवर माझी त्यांच्याविषयी फारशी तक्रार नाही. चूक कबूल करणारा अधिकारी कोणत्याही देशात दुर्मीळच असतो.

पण ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत प्रसिद्ध झाली. ठोसा साऱ्या देशाने पाहिला. त्याच दिवशी संघाने राइसला काढून टाकले आणि कमिशनरांनी त्याच्यावर बेमुदत बंदी घातली. कारण काय दिले? राइसने जूनमध्ये सांगितलेली हकीकत आणि चित्रफितीत दिसणारी घटना ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की आपल्या माहितीप्रमाणे कचेरीतल्या कोणीही ही फीत आधी पाहिली नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की एका पोलीस अधिकाऱ्याने ती एप्रिलमध्येच लीगच्या कचेरीत पाठवली होती, आणि पोच देणाऱ्या स्त्रीचा आवाजही दूरध्वनीवर मुद्रित आहे.

मी वाचलेले दोन कागद ह्या ठिकाणी जन्माला आले.

मोठा अहवाल रॉबर्ट म्युलर ह्यांचा. हे गृहस्थ २००१ पासून २०१३ पर्यंत एफबीआय ह्या तपासखात्याचे प्रमुख होते. त्यांना लीगनेच नेमले, देखरेखीला दोन संघमालक दिले, आणि ज्या वकिली कचेरीतून ते काम करीत होते तिने पूर्वी लीगचीही कामे केलेली होती. पण तेवढ्यावरून अहवाल खोटा म्हणणे अन्यायाचे होईल. शोध कसून घेतलेला आहे. संगणक तपासले, दूरध्वनींच्या आणि टपालाच्या नोंदी तपासल्या, कचेरीतल्या स्त्रियांना एकेकीला विचारले. ८ जानेवारी २०१५ रोजी निष्कर्ष आला : फीत कोणाला मिळाल्याचा किंवा कोणी पाहिल्याचा पुरावा नाही.

एखाद्या रहस्यकथेसारखा हा अहवाल वाचनीय आहे, आणि त्याचा दोषही रहस्यकथेचाच आहे. फीत पाहिली की नाही, ह्या एका प्रश्नामागे लेखकाने आपली सारी शक्ती लावली आहे. वाचकाचे लक्ष त्या हरवलेल्या पाकिटामागे धावत राहते. खरी जड वाक्ये त्या मानाने मवाळ आवाजात येतात. लीगने फीत मिळवण्यासाठी कॅसिनोला विचारले नाही, तपास करणाऱ्या पोलिसांना विचारले नाही, सरकारी वकिलालाही विचारले नाही. राइसच्या वकिलाकडे एप्रिलपासून प्रत होती, त्याच्याकडेही मागितली नाही. फितीवाचूनही लीगला पुरेसे ठाऊक होते आणि अधिक चौकशी करायला हवी होती, हे म्युलर स्वतःच लिहितात. कादंबरीकार म्हणून मी म्हणेन, कथानक येथून सुरू व्हायला हवे होते. अहवालात ते जवळजवळ येथे संपते.

दुसरा कागद बार्बरा जोन्स ह्या निवृत्त न्यायाधीश बाईंचा. राइसने बेमुदत बंदीविरुद्ध दाद मागितली, तिचा लवाद म्हणून दिलेला हा २८ नोव्हेंबर २०१४ चा निवाडा, म्हणजे म्युलर ह्यांच्या अहवालाच्या आधीचा. दोन सामने पुरेसे होते का, हा प्रश्न आपल्यापुढे नाही, असे त्या प्रथमच सांगतात. त्यांचा प्रश्न साधा आहे : जूनच्या त्या बैठकीत राइस खोटे बोलला का? बैठकीला हजर असलेल्यांच्या साक्षी त्यांनी घेतल्या, स्वतः कमिशनरांचीही घेतली. आपण तिला मारले असे राइसने सांगितल्याचे एकामागून एक साक्षीदार म्हणाले. कमिशनरांची टिपणे त्रोटक निघाली. त्यांत राइसचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले नव्हते. बाईंनी निर्णय दिला : राइसने कमिशनरांची दिशाभूल केलेली नाही, फितीमुळे नवी वस्तुस्थिती उघडकीस आलेली नाही, म्हणून वाढवलेली शिक्षा मनमानी आहे आणि ती रद्द.

ही १७ पाने मला साहित्य म्हणूनही श्रेष्ठ वाटली. एकही शब्द चढ्या आवाजात नाही. राइसविषयी सहानुभूतीचा लवलेश नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. एका स्त्रीला बेशुद्ध होईतो मारणारा पुरुष केवळ प्रक्रियेत जिंकला म्हणून सज्जन ठरत नाही. तो पुढे लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पण त्याने गुन्हा केला ह्याचा अर्थ त्याच्यावर खोटेपणाचाही आळ घेता येतो, असा होत नाही. हा भेद बाईंनी शेवटपर्यंत सुटू दिला नाही.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. म्युलर ह्यांनी कमिशनरांना एका खोटेपणातून मोकळे केले : फीत पाहिली नाही हे म्हणणे खोटे ठरवील असा पुरावा त्यांना सापडला नाही. जोन्सबाईंच्या निवाड्यातून दुसरा खोटेपणा दिसतो, जरी त्यांनी तो शब्द वापरलेला नाही. जुलैमध्ये जे ठाऊक होते तेच सप्टेंबरमध्येही ठाऊक होते. बदलले एवढेच, की कमिशनरांना ठाऊक असलेली गोष्ट आता लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. अशा वेळी प्रामाणिक माणसापुढे एक वाट असते. त्याने म्हणावे, मला कळले होते, पण मी ते मनाला लावून घेतले नाही. गुडेल ह्यांनी ऑगस्टमध्ये अर्धे तसे म्हटलेही होते. सप्टेंबरमध्ये मात्र, मला कोणी नीट सांगितलेच नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला, आणि स्वतःच्या हलगर्जीचे ओझे एका गुन्हेगाराच्या डोक्यावर ठेवले. गुन्हेगाराच्या डोक्यावर ओझे ठेवणे फार सोपे असते, कारण त्याची बाजू घ्यायला कोणी येत नाही.

ह्याच कमिशनरांनी २०१२ मध्ये न्यू ऑर्लिअन्स संघाचे मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन ह्यांना संपूर्ण हंगामासाठी दूर केले होते. प्रतिस्पर्ध्यांना जायबंदी केल्याबद्दल त्या संघात खेळाडूंना छुपी बक्षिसी मिळते, असे लीगच्या चौकशीत निघाले होते. आपल्या हाताखाली काय चालले आहे हे प्रमुखाला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्या शिक्षेचा धडा होता. धडा चांगला होता. तो फक्त स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा राहिला.

आणखी एक तपशील माझ्या मनातून जात नाही. १६ जूनच्या त्या बैठकीत ती स्त्रीही हजर होती, नवऱ्याच्या शेजारी. मारणाऱ्याच्या बाजूला बसवून मार खाणारीला विचारले तर ती काय सांगणार? हा प्रश्न मी येथे लिहितो खरा, पण तो विचारण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. तालुक्याचे सामने आठवड्यावर आले असताना सहावीतल्या एका मुलाचा पुढचा दात पडला आणि ओठ फाटला. आमचा सर्वांत चांगला चढाई करणारा गडी नळावर पाणी पिता पिता त्याच्याशी भांडला होता, असे कानावर आले. मी दोघांना शिक्षक-खोलीत बोलावले, एकत्र. लहानग्याला विचारले, 'काय रे, काय झाले?' त्याने एकदा शेजारच्या दांडगटाकडे पाहिले आणि म्हणाला, 'पडलो, सर.' मी वहीत लिहिले : पडला. शिपाई नळापाशीच झाडत होता. त्याला मी विचारले नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते, हे मला त्याच क्षणी ठाऊक होते.

सामने आम्ही जिंकलो. पुढच्या सोमवारी मुलाची आई शाळेत आली. शेतातून तशीच आली असावी, पायांना चिखल होता. ती म्हणाली, 'गुरुजी, तुमाला ठावं नव्हतं का?' मी म्हणालो, 'बाई, त्यानेच मला पडलो म्हणून सांगितले. खोटे बोलला तो.' ती काहीच बोलली नाही. मुलाचा हात धरून निघून गेली. त्या वर्षीचा करंडक अजून कपाटात आहे. मी त्या कपाटाकडे सहसा पाहत नाही.

वाचकहो, तोच शब्द पाहा. पोर खोटे बोलले, असे मी म्हणालो. जोन्सबाईंचा निवाडा वाचताना त्या जागी मी पुस्तक मिटल्यासारखा तो कागद मिटला आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसलो.

म्हणून गुडेल ह्यांना राक्षस ठरवण्याचे माझ्या मनात नाही. जिंकण्याची हाव किंवा मालकांचा तोटा, दोन्हींमुळे माणूस शिपायाला विचारायचे टाळतो. त्यांच्या लीगने पुढे काही सुधारणा केली. २०२० च्या करारानंतर अशा प्रकरणांत पहिला निर्णय लीग आणि खेळाडूंची संघटना ह्यांनी मिळून नेमलेला अधिकारी देऊ लागला. त्यावरचे अपील मात्र कमिशनरांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाकडेच राहिले. अर्धे दार उघडले, अर्धे तसेच आहे. गुडेल ह्यांची २००६ पासूनची खुर्चीही ह्या वादळात शाबूत राहिली.

एवढ्या वाचनानंतर माझ्या पदरी पडले ते थोडके आहे. निवाडा करणाऱ्याचा प्रामाणिकपणा तो काय बोलला ह्यावरून पुरता कळत नाही. त्याने कोणाला विचारले आणि कोणाला विचारायचे टाळले, ह्याची यादी मागवावी. आमच्या शाळेत आता दोन मुलांची तक्रार आली की मी त्यांना निरनिराळे बोलावतो, आणि आधी शिपायाला विचारतो. मुलांना ह्यामागचे कारण ठाऊक नाही. त्या सहावीतल्या मुलाला ते सांगायला हवे होते. तो आता कोठे असतो, ह्याची चौकशी ह्या सुटीत करणार आहे.